भाव ‘वाढला’ की ‘वाढविला’?

डाळीचा भाव वाढला, विजेचा दर चढला, घरांच्या किमती भडकल्या, ही वाक्ये आपण दिवसातून किती वेळा उच्चारतो याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. व्याकरणाच्या दृष्टीने पाहू गेल्यास या साऱ्या क्रिया अकर्मक आहेत. पाऊस वाढावा, ताप चढावा, वणवा भडकावा, तद्वत ही वाढही आपोआप होते, अशी समजूत त्या बोलण्यात दडलेली असते. ‘वाढला’ म्हटले की बोलणाऱ्याचे काम संपले; ‘वाढविला’ म्हटले की कोणी, कशासाठी आणि कोणास विचारून, हे पुढचे प्रश्न ओघानेच येतात. दर, भाव आणि सरकारी धोरण यांसंबंधी सामान्य गृहस्थाच्या वतीने बोलण्याचा उद्योग आपल्या महाराष्ट्रात ज्या संस्थांनी आजवर चालविला, त्यांनी मुख्यत्वेकरून हे एक प्रयोजक क्रियापद आपल्या तोंडी बसविण्याची खटपट केली, असे आम्हांस वाटते.

हा उद्योग आपणांकडे नवा नव्हे. २ एप्रिल १८७० रोजी पुण्यास सार्वजनिक सभा स्थापन झाली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, हे तिचे प्राण. त्या सभेचा एक नियम आम्हांस फार मार्मिक वाटतो: सभासद होऊ इच्छिणाऱ्याने निदान पन्नास माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणले पाहिजे. लोकांच्या वतीने बोलावयाचे तर लोकांनी तसे लिहून दिलेले असावे, एवढी साधी गोष्ट. पण आजही कित्येक पुढाऱ्यांजवळ पन्नास सह्या निघतील की नाही याची आम्हांस शंका आहे. १८७६-७७ च्या दुष्काळात याच सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारच्या दारी नेली.

त्यानंतर शतकभराने, १९७२ च्या दुष्काळात, हीच गोष्ट मुंबईच्या स्वयंपाकघरांतून उठली. धान्य महाग, रॉकेलला रांगा, गोडेतेल मिळेनासे झालेले. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते प्रभृती भगिनींनी पक्षभेद बाजूस ठेवून महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती काढली, आणि हाती लाटणे व थाळी घेऊन हजारो गृहिणी रस्त्यावर आल्या. त्याच दुष्काळाने खेड्यापाड्यांत रोजगार हमी योजना वाढीस लागली. वि. स. पागे यांनी तिचा पाठपुरावा केला. १९७७ साली तिचा कायदा झाला व १९७९ पासून तो अमलात आला. येथे एक गोष्ट जाता जाता सांगावीशी वाटते. दर महिन्यास पगाराच्या चिठ्ठीत जो व्यवसायकर कापला जातो, त्याच्या नावाने डोंबिवलीच्या गाडीत उभ्या उभ्या नाके मुरडणारे आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. तो कर १९७५ साली बसविला गेला तो मुळी या रोजगार हमीसाठी. शहरातल्या नोकरदाराने वर्षाकाठी थोडे द्यावे आणि त्यातून दुष्काळी गावातल्या मजुराच्या हातास काम मिळावे, असा तो व्यवहार होता. तो व्यवहार आम्हांस न्याय्य वाटतो. परंतु तो समजावून सांगण्याचे कष्ट मात्र फारसे कोणी घेतले नाहीत.

आता आमच्या घराकडे वळतो. आमचे कुटुंब एकत्र आहे. डोंबिवली पूर्वेस लगतची दोन बिऱ्हाडे घेऊन मधे दार पाडलेले, चूल मात्र एकच. या चुलीचा आणि मुंबई ग्राहक पंचायतीचा संबंध जुना आहे. ही पंचायत १९७५ साली बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने सुरू झाली. संगीतकार सुधीर फडके यांचीही तिला साथ होती. तिची रीत अशी की, शेजारपाजारच्या दहावीस घरांनी मिळून एक संघ करावयाचा. प्रत्येक घराने महिन्याच्या सामानाची यादी आगाऊ द्यावयाची. साऱ्यांची मागणी एकत्र होऊन माल घाऊक भावाने खरेदी व्हावयाचा आणि ठरल्या दिवशी टेम्पो येऊन संघातील एका घरी तो उतरावयाचा. पुढचे काम आपले. मधला दुकानदार नाही, नोकर नाही, जाहिरात नाही. अशी तीस हजारांहून अधिक कुटुंबे आज या पंचायतीस जोडलेली आहेत.

आमच्या संघाचा माल आमच्याच घरी उतरतो, याचे सर्व श्रेय थोरल्या वहिनींचे. टेम्पो आला की जेवणाचे टेबल भिंतीस लागते, दिवाणखान्यातील खुर्च्या गच्चीत जातात आणि प्रत्येकीच्या यादीप्रमाणे डाळ, पोहे, साबण, चहा यांचे ढीग लागतात. वहिनी यादी वाचतात, एकीने उचलावयाचे, दुसरीने खूण करावयाची. पाकीट फुटलेले असेल तर त्याची नोंद वेगळी. चार रुपयांचा हिशेब चुकला तर तो लागेपर्यंत कोणी घरी जावयाचे नाही. आम्हां पुरुषांचा या कामी उपयोग पोती उचलण्यापुरता, आणि तोही पाठदुखी नसेल त्या दिवशी. पण या ढिगांभोवती आम्ही जे संभाषण ऐकले, ते गाडीतल्या राजकारणाच्या गप्पांहून कितीतरी मोलाचे होते. तूरडाळ गेल्या महिन्याहून महाग का, खरेदी कोठून झाली, वेष्टनावर वजन व किंमत छापलेली आहे की नाही, असे प्रश्न तेथे विचारले जात, आणि ते विचारण्याची सवय जडली की माणूस डाळीपाशी थांबत नाही. ग्राहकाच्या हक्कांचा कायदा १९८६ च्या डिसेंबरात झाला, त्यामागे अशा सहस्रावधी यादीवाल्या बायकांचे बळ होते, हे आम्ही जबाबदारीने सांगतो. २०१९ साली त्याच्या जागी नवा कायदा आला. तो २०२० च्या जुलैत अमलात आला.

विजेची कथा याहून मोठी आहे. १९९२ साली दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पाचा करार-मसुदा झाला, तेव्हा परदेशी भांडवल येणार, अंधार जाणार, असा जयघोष चालू होता. पुण्याच्या ‘प्रयास’ नामक लहानशा गटातील गिरीश संत, शंतनु दीक्षित, सुबोध वागळे या मंडळींनी घोषणा दिल्या नाहीत; ते त्या कराराचा हिशेब मांडीत बसले. ही वीज मंडळास किती महाग पडेल, वीज घेतली वा न घेतली तरी किती रक्कम द्यावीच लागेल, हे त्यांनी १९९५ साली आकड्यांनिशी छापून दाखविले. पुढे काय झाले ते सर्वांस ठाऊक आहे. १९९९ साली प्रकल्पाची वीज आली आणि २००१ साली ती परवडेना म्हणून मंडळाने घेणेच थांबविले. हिशेब बरोबर निघाला, पण ज्यांनी तो वेळेवर ऐकावयास हवा होता त्यांनी ऐकला नव्हता.

तथापि त्या प्रकरणातून लोक एक गोष्ट शिकले, ती म्हणजे विजेचा दर हा करारातून आणि कागदांतून तयार होतो, आणि कागद वाचता येतात. १९९९ साली राज्यात वीज नियामक आयोग स्थापन झाला. दरप्रस्ताव आला की त्याची जाहीर सूचना वर्तमानपत्रांत छापून येते, लेखी हरकती मागविल्या जातात, आणि नागपूर, नाशिक, पुणे, नवी मुंबई अशा ठिकाणी खुली सुनावणी होते. २००३ च्या वीज कायद्याने ग्राहकांच्या बाजूने बोलण्यासाठी प्रतिनिधी नेमण्याची तरतूद केली. आयोगाने ज्यांस असे मान्य केले त्यांत ग्राहक पंचायत व प्रयास या दोन्ही संस्था आहेत. याचा अर्थ, आमच्या घरी साबणाचे ढीग लावणारी संस्था तीच आयोगापुढे कंपनीच्या खर्चाचा जाब विचारावयास उभी राहते. साबण नसता तर तिला उभे राहण्यास पाय कोठून आले असते? सार्वजनिक काकांच्या पन्नास सह्यांचे काम येथे या याद्या करतात.

इतके सारे म्हटले तरी एक आक्षेप राहतो, आणि तो आमच्या पंगतीसच एका पाहुण्यांनी काढला. ते नाशिककडचे, घरची शेती असलेले. त्यांचे म्हणणे असे की, तुम्ही शहरातले लोक न्याय्य भाव म्हणता तेव्हा तुमच्या मनात स्वस्त भाव असतो. शरद जोशी परदेशातील मोठी नोकरी सोडून १९७६ साली परत आले, चाकणजवळ आंबेठाण येथे कोरडवाहू जमीन घेऊन स्वतः राबले, आणि शेतमालास रास्त भाव या एकाच मागणीवर त्यांनी कांद्याचे आंदोलन उभे केले, ते कोणाविरुद्ध? डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने कांद्याची निर्यात बंद केली व ती बंदी मे २०२४ मध्ये उठविली. तेवढे महिने तुमच्या आमटीत कांदा स्वस्त पडला, तो लासलगावच्या बाजारात कोणाच्या खिशातून गेला, हे तुमच्या वहिनींच्या यादीत लिहिलेले असते काय?

पंगतीत क्षणभर कोणी बोलले नाही. आक्षेप खरा आहे. आमच्या मते त्याचे उत्तर इतकेच की, ‘वाढविला’ हा प्रश्न जितका विचारावयाचा तितकाच ‘पाडला’ हाही विचारला पाहिजे. शहरातील किरकोळ भाव आणि शेतकऱ्याच्या हाती पडलेली रक्कम यांतील अंतर ज्याने मोजले, त्यालाच मधल्या वाटेवर कोण किती घेतो हे कळेल. आणि ते अंतर मोजण्याची हत्यारे, म्हणजे याद्या, पावत्या व सवय, ग्राहकांच्या संघांपाशी आहेत. ती त्यांनी अद्याप पुरेशी वापरलेली नाहीत, असे आमचे स्पष्ट मत आहे. पाहुण्यांस हे सारे पटले असे नाही. त्यांनी ताक मागितले व विषय बदलला.

कायदा झाला म्हणजे काम झाले, असाही भ्रम कोणी करून घेऊ नये. त्याचे प्रत्यंतर आम्हांस गावातच आले आहे. घरबांधणीच्या नियमनाचा कायदा १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला, त्यासाठी ग्राहक चळवळीने वर्षानुवर्षे झगडा केला होता. तरी कल्याण-डोंबिवलीच्या हद्दीत पासष्ट इमारतींनी महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून त्याच कायद्याखाली नोंदणी मिळविली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा हुकूम केला. नोंदणीचा आकडा पाहून ज्यांनी जन्माची पुंजी घातली, त्या कुटुंबांस काय वाटले असेल याची कल्पना गाडीतल्या प्रत्येकास करता येईल. नोंदणी देणाऱ्याने मूळ परवानगी महापालिकेकडून ताडून पाहिली असती तर हे झाले नसते. आणि ती ताडून पाहा, असे ओरडून सांगणारा माणूसही अखेर याच गावचा नागरिक निघाला.

आमच्या घरात सध्या जो वाद चालू आहे तो याच संदर्भात. धाकटी सून हिशेबतपासणीच्या कचेरीत नोकरीस आहे. सकाळी सातच्या सुमारास निघते, रात्री आठला परतते. संघाची यादी महिनाभर आधी द्यावयाची, टेम्पोच्या दिवशी घरी असावयाचे, हे तिला कसे जमावे? तिने एके रात्री सरळ सांगितले, “मोठ्या काकू, फोनवर बोट टेकले की दहा मिनिटांत डाळ दारात येते. तुमचा संघ आता बंद करावा असे मला वाटते.”

वहिनी रागावतील असे आम्हांस वाटले होते. त्या म्हणाल्या, “अगं, येते ना डाळ. पण विजेचा दर ठरतो त्या दिवशी तो फोनवाला पोरगा आपल्या वतीने बोलायला उभा राहणार आहे का?”

“तो नाही राहणार. पण तुम्ही तरी कुठे उभ्या राहता? बोलतात ते पंचायतीचे लोक.”

“आणि त्यांच्या मागे घरे किती, हे विचारले तर त्यांनी काय सांगायचे?”

संघातील घरे आताच कमी झाली आहेत, हे दोघींनाही ठाऊक आहे. ज्या घरांत दिवसा कोणी नसते त्यांस ही रीत जड जाते, आणि अशी घरे डोंबिवलीत आता बहुसंख्य. सुनेची अडचण खोटी नाही. वहिनींचे वयही आता पोत्यांभोवती वाकण्याचे राहिलेले नाही. दोन रात्री हा विषय चालला. अखेरीस सुनेने आपली अट मांडली. ढीग लावावयास ती येणार नाही, त्यासाठी आम्ही पुरुषांनी एक रविवार मोडावा. त्याच्या बदली पुढचा दरप्रस्ताव येईल तेव्हा त्याची शेकडो पाने ती वाचील आणि घराच्या नावाने हरकत लिहून देईल. तिचा तो रोजचाच धंदा आहे.

तिने प्रारंभही केला. विजेच्या बिलावर ‘स्थिर आकार’ म्हणून जी रक्कम असते ती एक युनिट न जाळताही द्यावी लागते, आणि ‘वहन आकार’ म्हणून दुसरी असते, ती कशाच्या वहनाची, असा तिने पहिल्याच दिवशी प्रश्न केला. आमच्यापैकी कोणासही नीट सांगता आले नाही. वहिनींनी कपाटावरील पेटी काढावयास लावली. तींत जुन्या सुनावण्यांची कात्रणे निघाली. सध्या जेवणाच्या टेबलावर वर्षभराची बिले मांडलेली आहेत, त्यांवर पेन्सिलीच्या खुणा आहेत, आणि मंडळी ताटे मांडीवर घेऊन जेवतात. रविवारी टेम्पो येणार, तेव्हा ती उचलावी लागतील.