ठसा उठेपर्यंत

भाषांतरकाराच्या चुका बहुधा शब्दांच्या असतात. माझी एक चूक मात्र ताऱ्यांची होती आणि ती मी संपादक या नात्याने स्वतःच छापली. तिची ही हकीकत.

म्हैसूरला आमच्या गच्चीवरून चामुंडीच्या टेकडीवरचे दिवे दिसतात. रविवारी संध्याकाळी राजवाड्यावर जवळजवळ लाखभर दिवे लागतात. ते दृश्य मोठे रमणीय खरे. परंतु आकाश पाहणाऱ्याने त्या दिवशी दुर्बीण झाकून ठेवावी हे बरे. माझी दुर्बीण लहानच आहे. तिचा आरसा १५० मिलीमीटर व्यासाचा आणि नाभीय अंतर ७५० मिलीमीटर. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत तिला कॅमेरा जोडून मी मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचे छायाचित्र घेतले आणि आमच्या मासिकात मुलांच्या पानावर दिले. कॅमेऱ्याच्या चिमुकल्या पडद्यावर तारे किंचित जाड दिसत होते. ते मला त्याच रात्री दिसले होते. "छापताना लहान होईल, कोणाला कळणार आहे!" असे मी मनाशी म्हटले. अण्णांना दाखवले, तेव्हा तेही "छान आहे" म्हणाले. त्या वेळी त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, हे मी सोयीस्करपणे विसरले.

माझे वडील कोल्हापूरला एका छापखान्यात खिळे जुळवीत असत. दिवाळीपूर्वी त्यांच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रिया झाल्या. वाचायची परवानगी मिळताच त्यांनी वर्षभराचे अंक मागून घेतले आणि छापखान्यातले जुने भिंग बाहेर काढले. मृगाच्या चित्रावर ते बराच वेळ थांबले.

"अगं, याचा ठसा उठलेला नाही," ते म्हणाले. "तुला दिसलं नव्हतं?"

दिसले होते, असे मला सांगावे लागले. त्यावर ते काही बोलले नाहीत. ते रागावले असते तर मला बरे वाटले असते.

आपल्या पाठ्यपुस्तकांत ज्याला नाभी म्हणतात, त्याला कन्नड पुस्तकांत संगम म्हणतात. मला कन्नड शब्द अधिक सरस वाटतो, कारण आरशावरून परतलेले सारे किरण खरोखरच तेथे भेटतात. ही भेट किती अरुंद जागेत होते, याचा हिशेब मी तेव्हा कुठे केला. माझ्या दुर्बिणीत ती जागा मिलीमीटरच्या सात शतांशांहूनही कमी, म्हणजे छपाईच्या साध्या कागदाच्या जाडीहून कमी आहे. कॅमेरा तेवढ्यात बसला पाहिजे. तो पुढे-मागे झाला की ठिपक्याची चकती होते आणि आणखी सरकला की मधोमध भोक असलेला चक्क मेदुवडा! शिवाय दुर्बिणीची नळी पोलादी आहे. संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत हवा सहा अंशांनी उतरली तर ती पाच शतांश मिलीमीटर आखडते. म्हणजे सात वाजता अचूक जुळवलेली नाभी बाराला बिघडलेली असू शकते.

या संदर्भात मला नेहमी जेऊर आठवते. सोलापूर जिल्ह्यातल्या त्या गावी २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहण पाहण्यासाठी पुण्याहून प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आपली उपकरणे घेऊन गेले होते. अमेरिकेच्या लिक वेधशाळेची मंडळीही तेथे होती. खग्रास अवस्था अवघी दोनेक मिनिटांची. एवढ्या वेळात फिरकी फिरवून पाहायला सवड कुठली? सारी जुळवाजुळव आधीच करून ठेवायची आणि भर दुपारच्या उन्हातही ती टिकेल असे पाहायचे. माझ्यापाशी तर सबंध रात्र होती.

अण्णांनी मग कामाचा ताबा घेतला. पावेल बाहतिनोव्ह नावाच्या रशियन हौशी निरीक्षकाने २००५ साली एक साधी जाळी सुचवली. दुर्बिणीच्या तोंडावर बसवायच्या चकतीत तीन वेगवेगळ्या दिशांना समांतर फटी कापायच्या, एवढेच. तेजस्वी ताऱ्याकडे पाहिले की तिच्यामुळे प्रकाशाच्या तीन रेघा दिसतात. दोन रेघांची फुली होते आणि तिसरी रेघ फुलीच्या बरोबर मधून गेली की नाभी जुळली. अण्णांनी काळ्या पुठ्ठ्याची अशी जाळी दोन दिवस बसून कापली. एकही फट वाकडी गेली नाही.

या जानेवारीत आम्ही व्याधावर दुर्बीण रोखली. आधी कॅमेरा न लावता अण्णांनी नेत्रिकेतून पाहिले आणि एक गंमत लक्षात आली. माझा डोळा थोडीफार चूक आपोआप सावरून घेतो, त्यामुळे मला फिरकीच्या बऱ्याच जागा ठीक वाटतात. त्यांच्या डोळ्यांत बसवलेली भिंगे आकार बदलत नाहीत. "आता," ते म्हणत आणि लगेच, "गेलं!" मग कॅमेरा लावून, पडद्यावरचे चित्र मोठे करून मधली रेघ आणली. जाळी काढून मृगाकडे वळलो. साडेअकराला मी थकून आवरू लागले, तर अण्णा म्हणाले, "पुन्हा व्याध बघ." रेघ सरकली होती.

जुने चित्र सदोष होते अशा दोन ओळी नव्या चित्राखाली टाकून मी ते पुढच्या अंकाला दिले. मुद्रित घरी आणले तेव्हा अण्णांनी चहा बाजूला सारला. तेजोमेघाच्या गाभ्यात चार तारे अगदी जवळजवळ आहेत. पहिल्या चित्रात त्यांचा एकच गोळा झाला होता. गाभा जळून जाऊ नये म्हणून यावेळी तेवढ्यापुरती थोड्या अवधीची छायाचित्रे वेगळी घेतली होती. अण्णांनी भिंग टेकवले आणि बोट न लावता मोजू लागले. तिसऱ्यापाशी अडले, खिडकीकडे सरकले, कागद उजेडाला तिरपा धरला.

"हा चौथा," ते म्हणाले आणि चहा मागितला. तो निवला होता.