गाजलेली चित्रे

बाजारात आंबेवाली आपल्या आंब्यांची फारच तारीफ करू लागली, की शहाणे गिऱ्हाईक पाटीच्या तळाशी हात घालून पाहते. चित्रपटाच्या बाबतीत मात्र आपण एवढे सावध नसतो. दहा जणांनी 'अहाहा!' म्हटले, की अकरावा डोळे विस्फारण्याच्या तयारीनेच जाऊन बसतो. आणि तसे काही घडले नाही, तर दोष चित्रपटाला न देता स्वतःच्या अरसिकपणाला देतो. मला हे कधी जमले नाही. 'शोले' मला आवडतो, पण तो अर्ध्या तासाने कमी असता तर अधिक आवडला असता, असे मी एकदा शिक्षकांच्या खोलीत बोलून गेलो. दोघा सहकाऱ्यांचा चहा कपातच राहिला.

अलीकडे माझ्या या खोडीच्या तडाख्यात जपानी चित्रपट सापडले आहेत. म्हणजे चितारलेले, मुले ज्यांना 'ॲनिमे' म्हणतात ते. शहापूर-मुरबाडकडच्या कित्येक पाड्यांवर धड रस्ता पोहोचण्याआधी मोबाईल पोहोचला, आणि त्याच्या पाठोपाठ ही मंडळीही आली. वर्गातली पोरे सह्याद्रीतल्या घाटांची नावे सांगताना अडखळतात, पण जपानी नायकांची घडाघडा म्हणतात.

तसे पाहिले तर आमची ही ओळख जुनीच. १९९३ साली रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'जंगल बुक' लागे. गुलजारांचे गीत, विशाल भारद्वाजांची चाल. वाडीत एकच टीव्ही, आणि त्या ओटीवर पन्नास डोकी. ती मालिका जपानच्या निप्पॉन ॲनिमेशनने केलेली आहे हे कोणाच्या गावीही नव्हते. कथा किपलिंगची, जंगल मध्य प्रदेशातले, चित्रे जपानची, आणि शेरखानाला आवाज नाना पाटेकरांचा, म्हणजे वाघ चक्क मुरूड-जंजिऱ्याचा! आमच्याकडे वाघोबा हा देव. त्यामुळे शेरखानाला शिव्या देताना म्हातारी माणसे जरा चाचरत.

या साऱ्यांत अधिक गवगवा झाला तो हायाओ मियाझाकींच्या 'स्पिरिटेड अवे'चा. चित्रपट २००१ सालचा. २००२ मध्ये त्याला बर्लिनचे सुवर्ण अस्वल मिळाले, २००३ मध्ये ऑस्कर. चिहिरो नावाची दहा वर्षांची मुलगी आईबापांबरोबर एका ओसाड वस्तीत शिरते. तिथे मांडून ठेवलेल्या अन्नावर आडवा हात मारून आईबाप डुक्कर होतात, आणि ती देवांच्या न्हाणीघरात कामाला लागते. देवसुद्धा दमूनभागून आंघोळीला येतात, ही कल्पना कोणालाही हेवा वाटावी अशी आहे. पण मधला तो मुखवटा घातलेला, दिसेल ते गिळत सुटलेला प्राणी इतका वेळ पडदा अडवून बसतो, की मला स्नेहसंमेलनातल्या प्रमुख पाहुण्यांच्या भाषणाची आठवण झाली. जगातल्या सर्वश्रेष्ठ चित्रपटांच्या पंगतीतले पहिले पान काही मी त्याला वाढणार नाही.

मात्र त्यात एक हाकू नावाचा मुलगा आहे, तो खरे म्हणजे नदी आहे. ती नदी बुजवून तिच्यावर इमारती उठल्या, म्हणून त्याला परतायला घर उरलेले नाही. एका शनिवारी हा भाग मी वर्गात दाखवला. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "सर, पण तिचं पाणी कुठं नेलं?"

नदी बुजवतात हे तिला कळलेच नाही. शहापूर तालुक्यात नदी बुजत नाही. ती नळांतून मुंबईला जाते. १८९२ साली तानसाचे धरण पुरे झाले, पुढे वैतरणेवर झाले, भातसेवर झाले. आणि वैशाखात टँकरमागे हंडे घेऊन धावणारे पाडेही याच तालुक्यात आहेत. मियाझाकींपाशी त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर नाही. भूगोलाच्या पुस्तकात आहे ते अर्धे.

याच मियाझाकींचा 'माय नेबर टोटोरो' १९८८ सालचा. आई दूरच्या इस्पितळात, दोघी बहिणी बापाबरोबर खेड्यात राहायला आलेल्या, आणि शेजारच्या कापराच्या प्रचंड झाडात राहणारा एक गलेलठ्ठ केसाळ प्राणी. यात खलनायक नाही, लढाई नाही. बाप मुलींना घेऊन त्या झाडाला वाकून नमस्कार करतो. देवराईतली काटकीही घरी न आणणाऱ्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. पावसात त्या दोघी बापाच्या बसची वाट पाहत थांब्यावर उभ्या राहतात. शेजारी तो प्राणी डोक्यावर पान ठेवून उभा. बस काही येत नाही. छत्रीवर थेंब तेवढे पडतात. शेवटच्या एस.टी.साठी जो भर श्रावणात मुरबाडच्या रस्त्यावर ताटकळला आहे, त्याला या प्रसंगात काहीच घडत नाही असे वाटणार नाही. मियाझाकींनी एकदा मुलाखतीत टाळ्या वाजवून दाखवल्या होत्या, आणि दोन टाळ्यांमधल्या रिकाम्या जागेला जपानीत 'मा' म्हणतात असे सांगितले होते. आमच्या चित्रपटांत टाळ्या पुष्कळ आहेत.

मकोतो शिनकाईंच्या २०१६ सालच्या 'युअर नेम'मध्ये आकाश इतके सुंदर रंगवले आहे, की खाली कथेकडे पाहायला कोणी मान वाकवीत नाही. ते बरेच आहे. आणि जंगलाचे दुःख म्हणून ज्याला जगाने डोक्यावर घेतले त्या 'अवतार'पेक्षा (२००९) मियाझाकींचा १९९७ सालचा 'प्रिन्सेस मोनोनोके' मला कितीतरी मोठा वाटतो. त्यात जंगल तोडणारी बाईच महारोग्यांना आसरा देते. मग राग धरायचा कोणावर?

'टोटोरो'बरोबर त्याच दिवशी, जोडखेळात, लोकांपुढे आला तो इसाओ ताकाहातांचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज'. १९४५ साली कोबे शहरावर आगीचे बॉम्ब पडतात, आई जाते, आणि पोरगेला सेइता धाकट्या सेत्सुकोला घेऊन तळ्याकाठच्या एका बिळासारख्या आसऱ्यात राहतो. रात्री दोघे काजवे आणून आत सोडतात. सकाळी सेत्सुको मेलेले काजवे पुरते. पुढे ती उपासमारीने जाते. मूळ कथा अकियुकी नोसाकांची, १९६७ सालची. त्यांची स्वतःची धाकटी बहीण युद्धकाळात अशीच गेली होती.

रडवण्याची कीर्ती आधी पाठवून मागून येणाऱ्या चित्रपटापुढे मी ताठ बसतो. याही वेळी बसलो. पण १९९२ साली जव्हारच्या वावर-वांगणीत मुले कुपोषणाने दगावली, तेव्हा जव्हार आमच्याच ठाणे जिल्ह्यात होते आणि मी शाळकरी पोर होतो. तिथे विमाने आली नव्हती, बॉम्ब पडले नव्हते. सेत्सुको मातीचे गोळे भाताचे म्हणून भावापुढे ठेवते, तेव्हा मी रडलो नाही. चित्रपट थांबवून थोडा वेळ ओटीवर जाऊन बसलो. याला फुकाचा गाजलेला म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत यांतले काय पाहावे, असे कोणी विचारील. पोराबाळांना घेऊन 'टोटोरो' पाहा. आजीलाही शेजारी बसवा, ती त्या झाडाला हात जोडील. 'स्पिरिटेड अवे' लावलात तर मधल्या अर्ध्या तासात चकल्या तळून होतील. ताकाहातांचा तो चित्रपट मात्र तुळशीचे लग्न उरकल्यावर, फराळाचे डबे रिकामे झाल्यावर, मोठ्या माणसांनी तेवढा पाहावा.