अर्धा टप आणि मागे बसलेल्या आजी
कुंभकोणमजवळचे मरुदानल्लूर हे सद्गुरू स्वामींचे गाव. दक्षिणेतल्या भजनपद्धतीची घडी त्यांनी बसवली. तिच्यात मराठी अभंगही गायले जातात. उघड्या जीपने इथे यायचे, तर टपाचा विचार आधी करावा. अर्ध्या टपाला बाजू नसतात. भातशेतांमधून जाताना वारा छान लागतो खरा, पण सावली बहुधा पुढच्या सीटपुरतीच! मागे बसलेल्या आजींनी मे महिन्याचे ऊन कसे सोसावे? शिवाय इथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा, म्हणजे नेमका आपल्या दिवाळीच्या सुट्टीतला. तेव्हा जाड कॅनव्हासचा, मागच्या सीटपर्यंत पोचणारा आणि पट्ट्यांनी घट्ट आवळता येणारा टप निवडावा. सैल कापड वेगात फडफडते आणि शिवणीत उसवते. बाजूचे पडदेही गुंडाळून गाडीत असू द्यावेत.