मावंद्याचे निमंत्रण

वाई,
पौष वद्य तृतीया

प्रिय मित्रवर्य यांस,
सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

तुमचे पत्र आम्ही यात्रेत असतानाच येथे येऊन पडले होते. ते परतल्यावर हाती आले, म्हणून उत्तरास विलंब झाला. पत्रात तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. काशीयात्रेत मनावर विशेष ठसा कशाचा उमटला, ही एक; आणि गणपती आळीतील तुमचा वाडा वर्षानुवर्षे कुलूपबंद असल्यामुळे योग्य गिऱ्हाईक आल्यास तो देऊन टाकावा असे मनात आहे, त्यावर माझा अभिप्राय काय, ही दुसरी. लिहिताना या दोहोंचा परस्परसंबंध तुमच्या ध्यानी नसेल. परंतु परत आल्यापासून माझ्या मनात दोन्ही प्रश्न एकमेकांत असे गुंतले आहेत की एकाचे उत्तर लिहू लागलो की दुसऱ्याचे आपोआप लिहिले जाते.

काशीचे वर्णन मी करीत नाही. अहल्याबाईंनी 1780 च्या सुमारास उभारलेले विश्वेश्वराचे देवालय, रणजितसिंहांच्या सोन्याने मढलेली त्याची शिखरे, पंचगंगेपासून मणिकर्णिकेपर्यंत नदीने घेतलेले ते संथ वळण आणि दुर्गाघाट-ब्रह्मघाटाच्या बोळांतून अकस्मात कानी पडणारी शुद्ध मराठी, हे सर्व तुम्ही माझ्याहून अधिक समर्थ लेखण्यांतून वाचलेले आहे. माझ्या चित्तात घर करून राहिल्या त्या तेथल्या वह्या. महसूल खात्यात हयात घालविलेल्या माणसाची दृष्टी दप्तराकडे आधी जावी, यात नवल नाही. ज्या ज्या धर्मशाळेत उतरलो, त्या त्या ठिकाणी पथारी पसरण्यापूर्वी व्यवस्थापकाच्या वहीत नाव, बापाचे नाव, गाव, येण्याचे प्रयोजन आणि निघण्याची तारीख अशी सगळी कैफियत द्यावी लागे. आणि आजवर ज्याने दुसऱ्यांचे जबाब लिहून घेतले, त्याला म्हातारपणी आपला जबाब प्रत्येक मुक्कामी नव्याने लिहून देण्याचा योग आला. तक्रार म्हणून हे लिहीत नाही. अनोळखी माणसाला निवारा द्यायचा, तर त्याची नोंद ठेवणे हा रीतसर बंदोबस्तच आहे.

दुसरी वही तीर्थोपाध्यायांची. गाव आणि कुळ सांगताच त्यांनी लाल बासनातून एक लांबट बाड काढले, आणि थोड्याच वेळात माझ्या पणजोबांची मोडी सही माझ्यापुढे आली. ज्या पुरुषाची तसबीर नाही, ज्याचा आवाज सांगणारे कोणी उरले नाही, त्याच्या बोरूचा फराटा मी प्रथमच पाहत होतो. त्यांनी काय लिहिले असेल याची मला मोठी उत्कंठा होती. कारण बैलगाडीने आणि पायी, वाटेत महामारीचे व चोरांचे भय सोसून जो मनुष्य येथवर आला, त्याने गंगेच्या प्रथमदर्शनाविषयी एखादी ओळ तरी लिहिली असेल, अशी माझी समजूत. तशी ओळ तेथे नव्हती. कसबे वाई, प्रांत मजकूर, आळी अमुक, बंधू इतके, पुत्र इतके, कुलस्वामी अमका, एवढाच मजकूर. इतक्या दूर जाऊन, आयुष्यात एकदाच हाती येणाऱ्या त्या पानावर, त्यांनी केवळ आपले घर लिहून ठेवले होते. मीही त्याखाली तेच लिहिले, आणि लिहिताना मला समजले की परमुलखात मनुष्याजवळ सांगण्यासारखे खरोखर दुसरे काही नसते.

पुढे परतीचा प्रवास झाला. वाठार स्टेशनावर उतरून मोटारीत बसलो, आणि वैराटगड व पांडवगड आपापल्या जागी दिसू लागले, तेव्हा डब्यात आखडलेले अंग सैल झाले. घरी आल्यावर बंबातले, किंचित धुरकट वासाचे कढत पाणी अंगावर घेणे, आंबेमोहोराच्या मऊ भातावर मेतकूट आणि तूप, रात्री दिवा न लावता माडीवर जाणे, ही सुखे सांगण्याजोगी मोठी नाहीत. आमच्या जिन्याची तिसरी पायरी इतर पायऱ्यांहून बोटभर उंच आहे. पाहुणा तेथे हमखास ठेचकाळतो, आणि घरचे लहान पोरही झोपेत तेथे पाय बरोबर उचलते. काशीची रबडी आमच्या दह्यापेक्षा सरस होती आणि धर्मशाळेची फरसबंदी आमच्या सारवणापेक्षा स्वच्छ होती, हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो. तेव्हा घराचे सुख त्याच्या वस्तूंच्या श्रेष्ठतेत आहे, असा दावा मला करता येत नाही.

मग ते कशात आहे? याचे उत्तर मला दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर बसलो असता मिळाले. दूधवाल्याने वाढवलेला भाव सांगण्याआधी, "कार्तिकीपासून दिसला नाहीत," असे म्हटले. देवळातील गुरवाने एका प्रदोषाचा उल्लेख करून त्या दिवशी माझी जागा रिकामी होती असे सांगितले. शेजारच्या वृद्ध काकूंनी तर आम्ही नसताना आमच्या दारातले जास्वंद कोणी तोडले, याची नावनिशीवार हकीकत दिली. यांपैकी कोणाच्याही वहीत माझे नाव नाही. परंतु धर्मशाळेत मनुष्याच्या येण्याची नोंद होते, आणि गावात त्याच्या नसण्याची. जेथे आपली उपस्थिती लिहून द्यावी लागत नाही आणि आपली अनुपस्थिती मात्र न लिहिता ध्यानात राहते, ते घर, अशी माझ्यापुरती मी व्याख्या करून ठेवली आहे. आणि तिच्यात भिंती व छप्पर यांना स्थान दुय्यम आहे, हेही ओघानेच आले.

हे सर्व मी सौभाग्यवतींस मोठ्या उत्साहाने सांगितले, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "तुमचा बंब पेटवतो कोण?" प्रश्न योग्य होता. ज्या सुखांची यादी मी वर दिली, ती सगळी त्यांच्या हातून येतात. आणि यात्रेतील सकाळी त्यांच्या आयुष्यातल्या पहिल्याच अशा होत्या, की डोळे उघडताच चूल समोर नव्हती. घरी परतणे म्हणजे माझी विश्रांती आणि त्यांची चाकरी, असाच त्याचा सरळ अर्थ होता. तथापि आल्याबरोबर, पायांवर पाणीही न घेता, त्या परसात गेल्या, तुळशीची माती चाचपली, माजघरातल्या बरण्यांची दादऱ्याची फडकी सोडून लोणची पाहिली, आणि सुनेने मांडणीवर हलवलेले दोन डबे निमूटपणे पूर्वस्थळी ठेवले. परमुलखात त्यांना विसावा होता, पण अंमल नव्हता. येथे कष्ट आहेत, आणि मुखत्यारीही आहे. या दोहोंत अधिक मोलाचे काय, हे मी त्यांना विचारले नाही. त्यांनीही आपण होऊन सांगितले नाही. पुरुषांनी घराची थोरवी गाताना हा हिशेब बाजूस ठेवू नये, एवढे मात्र मी या यात्रेत शिकलो.

पूर्वी तर परतणे हीच गृहीत धरण्याजोगी गोष्ट नव्हती. आपल्या शेजारच्या मेणवलीच्या नाना फडणिसांचेच पाहा. ऐन तारुण्यात, मातोश्री आणि पत्नी यांस घेऊन, तीर्थयात्रेचा हेतू मनात धरून ते भाऊसाहेबांच्या फौजेबरोबर उत्तरेत गेले, आणि 1761 च्या पानिपतच्या प्रलयातून मातोश्रींना गमावून परत आले. ती व्यथा त्यांनी आपल्या आत्मवृत्तात स्वतःच नमूद केली आहे. पुढे राज्याचा सारा कारभार पाहणाऱ्या या पुरुषाने कृष्णाकाठी वाडा आणि घाट बांधला, आणि त्यांचे दप्तर इतिहाससंशोधकांस आज ज्या नावाने परिचित आहे, ते नावही मेणवलीचेच. तसेच पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. घरच्या कर्जाने गांजून, बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञातील दक्षिणेच्या आशेने 1857 साली ते निघाले, आणि बंडाच्या वणव्यात सापडले. झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला, आणि मिळवलेले द्रव्य वाटेत पुनःपुन्हा लुटले गेले. चिंतामणराव वैद्यांनी 1907 साली प्रसिद्ध केलेला त्यांचा वृत्तान्त लोक झाशीच्या प्रकरणासाठी वाचतात. मला त्याचा शेवट अधिक थोर वाटतो. कारण ज्या धनासाठी हा मनुष्य गेला, ते गमावूनही त्याने गंगेची कावड खांद्यावरून वरसईपर्यंत आणली आणि तिच्या उदकाने वृद्ध आईबापांस स्नान घातले. गंगेचे पुण्य त्याने गंगेवर संपविले नाही, घराच्या अंगणात पोचविले.

आपल्याकडे काशीहून परतलेल्याने मावंदे घालावे हा जो प्रघात आहे, त्याचे मर्म मला यातच दिसते. यात्रा विश्वेश्वराच्या गाभाऱ्यात पुरी होत नाही. ज्यांनी आपले नसणे ध्यानात ठेवले, त्यांना पंक्तीस बसवून आपण आल्याची वर्दी दिली म्हणजे ती पुरी होते. आषाढीचा सोहळा पाहण्यास सारा महाराष्ट्र लोटतो, पण माउलींच्या पादुका पंढरपुराहून परत आळंदीस येतात, त्या परतवारीकडे थोड्यांचेच लक्ष असते. आणि तरीही ती झाल्यावाचून वारी पूर्ण झाली, असे कोणी वारकरी म्हणणार नाही.

आता तुमच्या वाड्याविषयी. तो विकू नका, असे मी सांगणार नाही. कडीपाटाला वाळवी लागली आहे, परसातल्या आडात गाळ भरला आहे, आणि दुरुस्तीचा खर्च मुंबईच्या पगारातून काढणे किती जड आहे, हे मी जाणतो. शिवाय वास्तू मोडली म्हणून घर मोडतेच असे नाही, हे माझ्या व्याख्येवरूनच निघते. परंतु एक गोष्ट तुमच्या कानावर घालणे माझे कर्तव्य आहे. थंडी ओसरू लागली की आळीआळीने कृष्णाबाईचा उत्सव सुरू होईल, आणि गणपती आळीच्या वर्गणीच्या यादीत तुमच्या घराचे नाव अजूनही आहे. दरवर्षी ते वाचले जाते, कोणीतरी "कुलूप आहे" असे म्हणते, आणि पुढचे नाव घेतले जाते. पण ते खोडावे असे आजवर कोणी सुचविलेले नाही. खरेदीखतात क्षेत्रफळ आणि चतुःसीमा लिहिल्या जातील. या नोंदीचे मोल त्यात धरले जाणार नाही, आणि गिऱ्हाइकाला ते देताही येणार नाही. तेव्हा व्यवहार करायचा तर जरूर करा, पण चार रात्री त्या घरात राहून मग करा.

मावंदे माघ शुद्ध दशमीस योजिले आहे. सहकुटुंब यावे, आणि वाड्याची किल्ली बरोबर आणावी.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

तुमचा स्नेहांकित