दगडाचें तेल

आमच्या भाषेंत एकाच वस्तूला दोन नांवें असलीं, तर त्यांतील एक सोंवळ्यांतलें व दुसरें ओंवळ्यांतलें असावयाचें, असा बहुधा नियम आहे. परंतु ज्या वस्तूसंबंधानें आज आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत, तिचीं दोन्ही नांवें परकीं आणि दोन्ही सारखींच घरगुती आहेत. 'गॅसलाइट' या इंग्रजी शब्दाचें आमच्या आज्यापणज्यांनीं 'घासलेट' केलें, आणि 'रॉक ऑइल' या शब्दाचें 'रॉकेल'. पहिल्यांतील घास योगायोगाचा. दुसऱ्यांतील खडक मात्र खरा. 'पेट्रोलियम' हा भारदस्त शब्दहि दगड आणि तेल या अर्थाच्या दोन जुन्या शब्दांचाच जोड आहे. म्हणजे स्वयंपाकघरांतून "रॉकेल संपलें" अशी हांक आली कीं ती एका अर्थीं भूगर्भशास्त्राचीच भाषा असे. या दगडाच्या तेलानें आमच्या घरीं एकदां जें केलें, त्याचा उलगडा होण्यास आम्हांस पन्नासांहून अधिक वर्षें लागलीं.

आमचें बालपण देवरीनजीकच्या एका खेड्यांत गेलें. तें तेव्हां भंडारा जिल्ह्यांत मोडत असे. १ मे १९९९ पासून गोंदिया जिल्हा निराळा झाला, आणि गांव जागचें न हलतां आमचा जिल्हा बदलला. मुंबईहून कलकत्त्यास जाणारा मोठा रस्ता देवरीवरून जातो, पण त्या काळीं त्या रस्त्यावरून आमच्या गांवांत वीज कांहीं वळली नव्हती. सायंकाळीं कंदिलाच्या कांचा राखेनें पुसणें हें मुलांचें काम, आणि रेशनच्या दुकानांतून रॉकेल आणणें हेंहि मुलांचेंच. स्वयंपाक चुलीवर होई. तथापि पाहुण्यांच्या चहाकरितां काकूंच्या माहेराहून आलेला एक पितळी स्टोव्ह होता, व त्यावर काकूंखेरीज घरांत कोणाचाहि अधिकार चालत नसे.

गोष्ट १९७० सालची. दिवाळी होऊन गेली होती आणि गांवोगांव मंडई भरूं लागली होती. आमच्या झाडीपट्टींत मंडई म्हणजे काय, हें बाहेरच्या वाचकांस सांगणें अवघड आहे. दुकानें येतात, दिवसा दंडार होते, रात्रीं नाटक होतें, आणि घरोघर लेकी-जांवई व सोयरे उतरतात. त्या दिवशीं सकाळीं आमच्या हातीं बाटली, कार्ड व पैसे देण्यांत आले. दुकानापुढें लांब रांग होती, आणि मैदानांत ढोल वाजत होते. या दोहोंच्या मध्यें उभ्या असलेल्या दहा वर्षांच्या मुलाचा निर्णय काय झाला असेल, हें वाचकांनीं आपापल्या बालपणावरून ताडावें. रस्त्याच्या कडेला एक मनुष्य पत्र्याच्या डब्यांतून तेल विकत बसे. तेथें ना रांग, ना कार्ड. त्याच्याकडून आम्हीं बाटली भरून घेतली, ओसरीवर आणून ठेवली आणि मंडईंत पळालों. त्या डब्यांत आधीं काय भरलें होतें, हें विचारण्याचें आमचें वय नव्हतें.

तिसऱ्या प्रहरीं परतलों तेव्हां घरापुढें माणसें जमलीं होतीं. काकूंनीं चहासाठीं स्टोव्ह पेटविला आणि त्याचा भडका उडाला. काकांनीं घोंगडी टाकून आग विझविली म्हणून जीव वांचला; पण उजवा हात कोपरापर्यंत व मानेची एक बाजू भाजली. पुढें दोन महिने काकू गोंदियास दवाखान्यांत होत्या. "पंप फार मारला असेल, बायकांना धीर कोठें असतो!" असा निकाल वडील मंडळींनीं दिला. आम्हीं तो दाराआडून ऐकला, आणि गप्प राहिलों. काकू परत आल्या, तरी गप्प राहिलों. मोठे झालों, चार बुकें शिकलों, तरीहि गप्पच राहिलों.

चार वर्षांपूर्वीं आमच्या एका भाच्याच्या खटपटीनें मुंबईस माहुल येथील तेलशुद्धीचा कारखाना पाहण्याचा योग आला. तेथें शेजारीं शेजारीं दोन मोठे कारखाने आहेत. एक १९५४ सालीं स्टँडर्ड-व्हॅक्यूम या कंपनीनें काढलेला, दुसरा १९५५ सालीं बर्मा-शेलनें. १९७४ व १९७६ या सालीं ते अनुक्रमें सरकारच्या मालकीचे झाले, आणि आज हिंदुस्थान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियम या नांवांनीं चालतात. आरंभीं त्यांस लागणारें कच्चें तेल परदेशांतून जहाजानें येई; १९७४ सालीं मुंबईच्या पश्चिमेस समुद्रांत तेल सांपडलें, आणि १९७६ पासून तें निघूं लागलें.

दारावर काडेपेटी व मोबाइल काढून घेतात. आंत गेल्यावर आम्हांस प्रथम वाटलें कीं आपण एका प्रचंड राइस मिलच्या आवारांत आलों आहों. गोंदियाच्या माणसास दुसरें काय वाटणार? गिरणींत धान जातें, आणि तांदूळ, कणी, कोंडा व तूस असे चार वांटे होऊन बाहेर पडतें. तुसाची आंच होते, कोंड्याचें तेल निघतें. टाकाऊ असें कांहींच राहत नाहीं. कच्च्या तेलाचेंहि तसेंच आहे. तें काळें, दाट व उग्र दर्पाचें असतें, व जसेंच्या तसें फारसें कामाचें नसतें. त्यांत हलक्या-जड अशा असंख्य द्रव्यांची सरमिसळ असते. तीं वेगवेगळीं करणें हेंच शुद्धीचें मुख्य काम.

भेद करण्याची युक्ति मात्र गिरणीची नव्हे, भट्टीची आहे. आमच्या भागांत मोह पुष्कळ. त्याच्या फुलांची दारू कशी काढतात हें आम्हीं लहानपणीं चोरून पाहिलेलें आहे. सडविलेलीं फुलें मडक्यांत घालून खालीं जाळ करावयाचा. पाण्याच्या आधीं दारूची वाफ उठते, ती थंड भांड्याला लागून ठिबकते. जें लवकर उकळतें तें आधीं निघतें, एवढेंच त्यांतील रहस्य. माहुलच्या मनोऱ्यांतहि तेंच चालतें, फक्त तेथें दोन नव्हे तर पांच-सहा वांटे एकाच वेळीं होतात.

आधीं कच्चें तेल पाण्यानें धुवून त्यांतील मीठ काढतात. मग भट्टींत सुमारें ३५० ते ३७० अंशांपर्यंत तापवून उंच मनोऱ्याच्या तळाशीं सोडतात. मनोरा तळाशीं अत्यंत तप्त व माथ्याकडे क्रमानें थंड असतो. आंत ताटांसारखे मजले असतात. वाफ वर चढते, आणि ज्या द्रव्यास ज्या मजल्याची थंडी सोसत नाहीं तें तेथेंच थिजून द्रव होतें. जड डिझेल खालच्या अंगास, त्याच्या वर रॉकेल, त्याहून वर नॅफ्था, ज्यापासून पुढें पेट्रोल होतें. आणि अगदीं माथ्यावरून स्वयंपाकाचा गॅस. तळाशीं जो काळा गाळ उरतो, तो हवा काढून घेतलेल्या दुसऱ्या मनोऱ्यांत पुनः उकळतात. त्यांतील जड तेलें फोडून पेट्रोल-डिझेल करतात, आणि शेवटीं रस्त्याचें डांबर उरतें. मधल्या तेलांतील गंधक हायड्रोजनच्या साह्यानें काढून घेतात.

येथपर्यंत आम्ही शाळकरी मुलाच्या कौतुकानें ऐकत होतों. इतक्यांत भाच्यानें मनोऱ्याच्या कुशीला लागून असलेलें एक लहान नळकांडें दाखविलें. मनोऱ्यांतून काढलेलें रॉकेल आधीं यांत येतें, व त्यांतून पाण्याची वाफ सोडतात. कारण त्या रॉकेलांत पेट्रोलच्या जातीचीं थोडीं हलकीं द्रव्यें चुकून उतरलेलीं असतात, तीं वाफेबरोबर हांकलून द्यावीं लागतात. आम्हीं विचारलें, "एवढ्या थोडक्यासाठीं इतका खटाटोप कां?" तो म्हणाला, "मामा, त्या थोडक्यासाठींच माणसें मरतात."

मग त्यानें सांगितलें तें असें. ज्या उष्णतामानास तेलावरील वाफ ठिणगी दाखवितांच क्षणभर पेटते, त्यास फ्लॅश पॉइंट म्हणतात. रॉकेलाचा हा अंक निदान ३५ अंश तरी असावा, असा आपल्याकडील दंडक आहे. पेट्रोलचा शून्याखालीं चाळीस अंशांच्या आसपास असतो. रॉकेलांत थोडें पेट्रोल पडलें तरी हा अंक झपाट्यानें खालीं येतो, आणि वातीच्या व स्टोव्हच्या कामाचें शांत तेल दारूगोळ्याप्रमाणें वागूं लागतें. अमेरिकेंत एकोणिसाव्या शतकांत लोभी कारखानदार रॉकेलांत स्वस्त नॅफ्था राहूं देत, आणि दिवे फुटून घरें जळत. १८७० सालीं निघालेल्या एका कंपनीनें आपलें नांवच 'स्टँडर्ड ऑइल' ठेवलें, तें आपला माल दर वेळीं सारखा व भरंवशाचा असतो हें गिऱ्हाइकांच्या मनावर ठसविण्यासाठीं. माहुलची स्टँडर्ड-व्हॅक्यूम ही त्याच वंशांतली.

आम्ही त्या नळकांड्यापाशीं बराच वेळ उभे राहिलों. एवढ्या खर्चानें व निगुतीनें जें रॉकेलांतून काढून टाकावयाचें, तेंच पुनः त्यांत मिसळण्यास एक न पुसलेला डबा पुरेसा होता, आणि त्या डब्यापुढें बाटली धरणारा हात आमचा होता. पन्नास वर्षें ज्या गोष्टीस आम्ही मनांत नुसता संशय म्हणत आलों होतों, तिला आतां अंक मिळाला. पंपाचा दोष नव्हता. धीराचा तर नव्हताच.

गोंदियास परतल्यावर दुसऱ्याच दिवशीं काकूंकडे गेलों. त्यांचें वय आतां ऐंशीच्या घरांत आहे. लुगड्याच्या पदराखालीं उजवा हात झांकून बसण्याची त्यांची संवय अद्याप गेलेली नाहीं. आम्हीं रांग, ढोल, डबा, सारें सांगितलें. काकू तांदूळ निवडीत होत्या. त्यांनीं सूप खालीं ठेवलें नाहीं.

"बाबू," त्या म्हणाल्या, "बाटली उघडली तेव्हांच मला समजलं होतं. वासच निराळा होता."

"मग स्टोव्ह पेटवला कशाला?"

"दारांत पाहुणे बसलेले, सासूबाई दोनदां चहाचं विचारून गेलेल्या. हें तेल नको म्हटलं असतं तर आणलं कोणी, कुठून आणलं, सगळं निघालं असतं. त्या दिवशीं मंडई होती ना रे. तुला मार बसला असता."

आम्ही निरुत्तर झालों. निष्काळजीपणाचा तो ठपका काकूंनीं इतकीं वर्षें आपल्या माथीं वागविला, आणि ज्याच्यासाठीं वागविला तो दाराआड उभा राहून आपणच कांहीं गुपित जपत आहों असें समजत होता.

आतां त्यांच्या घरीं गॅस आहे. त्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती झाल्यास कळावें म्हणून कारखान्यांत त्यांत मुद्दाम दुर्गंधी द्रव्य घालतात, हें आम्हीं विषय बदलण्यासाठीं त्यांस सांगितलें. काकूंनीं क्षणभर विचार केला.

"वास घालतात तें बरं आहे," त्या म्हणाल्या, "पण वास आला म्हणून बाईला शेगडी बंद करतां आली पाहिजे."

शुद्धीच्या शास्त्रावर आम्हीं पुढें पुष्कळ वाचलें. या वाक्याची भर घालणारें पुस्तक मात्र आम्हांस अजून आढळलेलें नाहीं.