जिप्सम बोर्ड कापायला ग्राइंडर नको, साधा कटर बरा : एका डॉक्टरची विनंती



घराचं काम काढलं की आपण तीन गोष्टी बारकाईने ठरवतो : डिझाइन, रंग आणि खर्च. बोर्ड कशाने कापला जाणार, हे मात्र कुणी विचारत नाही. ते मिस्त्री बघतील, असं आपण धरून चालतो. आज मी तुम्हाला तेच विचारायला सांगणार आहे. कारण पार्टिशनचं किंवा फॉल्स सीलिंगचं काम चालू असताना घरातल्या माणसांच्या छातीत किती धूळ जाणार, हे बरंचसं कारागिराच्या हातातल्या हत्यारावर ठरतं.

पाचगणीत हा विषय का?

मी पाचगणीत प्रॅक्टिस करतो. समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीवरचं हे गाव एके काळी छातीच्या रुग्णांसाठी ओळखलं जायचं. क्षयावर औषध नव्हतं, तेव्हा स्वच्छ हवा, विश्रांती आणि चांगला आहार हाच उपचार होता. डॉ. बिलिमोरिया यांनी १९१२ साली इथे बेल-एअर सॅनेटोरियम सुरू केलं ते याच हवेच्या भरवशावर.

आज त्याच गावात हॉटेलं, बंगले आणि वसतिगृहं यांची आतली कामं सतत चालू असतात. पर्यटक कमी असतात म्हणून बरीच कामं पावसाळ्यात निघतात. बाहेर धो धो पाऊस आणि धुकं, त्यामुळे दारं-खिडक्या बंद. अशा बंद खोलीत ग्राइंडर चालू झाला की पाचगणीची हवा बाहेरच राहते. आत राहते ती पांढरी धूळ. ऑगस्टमध्ये माझ्याकडे खोकला घेऊन येणाऱ्यांना मी आता एक प्रश्न हमखास विचारतो : "घरी किंवा शेजारी काही काम चाललंय का?"

हे प्लास्टर आम्हा डॉक्टरांच्याही ओळखीचं

जिप्सम बोर्ड म्हणजे जिप्समचा थर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना जाड कागद. जिप्सम म्हणजे पाणी धरून ठेवलेलं कॅल्शियम सल्फेट. ते तापवून त्यातलं बरंचसं पाणी काढलं की प्लास्टर ऑफ पॅरिस होतं. मोडलेल्या हाताला आम्ही घालतो ते हेच. पाणी लागलं की त्याचं पुन्हा जिप्सम होतं आणि ते घट्ट होतं.

हाताचं प्लास्टर काढताना रुग्ण घाबरतो. मशीन पाहून त्याला वाटतं, आता हात कापला जाणार. पण त्या करवतीचं पातं गोल फिरत नाही, ते जागच्या जागी थरथरतं. कडक प्लास्टर त्याने कापलं जातं. मऊ कातडी पात्याबरोबर हलते, म्हणून नीट वापरलं तर ती सहसा कापली जात नाही. अमेरिकेतले अस्थिरोगतज्ज्ञ होमर स्ट्रायकर यांनी १९४० च्या दशकात अशी करवत बनवली. प्लास्टर तर आधीही कापलं जात होतं. पण प्लास्टरच्या आत माणूस आहे, हे लक्षात घेऊन हत्यार निवडलं गेलं. घरात बोर्ड कापतानाही मला एवढंच म्हणायचं आहे. त्या खोलीत माणसं आहेत.

धूळ : दिसणारी आणि न दिसणारी

आपल्या केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन असते. १० मायक्रॉनपेक्षा मोठे कण बहुतेक नाकात आणि घशात अडकतात. शिंक येते, नाक चोंदतं, पांढरा शेंबूड येतो. हा त्रास लगेच कळतो. ४-५ मायक्रॉनपेक्षा लहान कण मात्र थेट फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांपर्यंत जातात. ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि बंद खोलीत तासन् तास तरंगत राहतात.

चार इंची ग्राइंडरची चकती मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेते. ती बोर्ड कापते म्हणजे खरं तर त्याचं पीठ करते आणि ते खोलीभर उडवते. कटरचं पातं फक्त रेघ मारतं.

शुद्ध जिप्समची धूळ प्रामुख्याने चुरचुर करणारी असते, डोळे, नाक आणि घसा यांना त्रास देणारी. पण दम्याच्या रुग्णाला झटका यायला तेवढी पुरते. शिवाय बोर्डात आणि सांध्यांच्या पुट्टीत थोडी सिलिका असू शकते. ही सिलिका वर्षानुवर्षं छातीत गेली तर सिलिकोसिस होतो. त्यात फुप्फुसांवर कायमचे व्रण पडतात आणि ते बरे करणारं औषध नाही. सिलिका फुप्फुसातल्या भक्षक पेशींना, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशींना निकामी करते. त्यामुळे अशा माणसाला क्षय होण्याचा धोकाही वाढतो.

कोणत्या कामाला कोणतं हत्यार?

- सरळ काप : साधा कटर, धातूची पट्टी आणि गुण्या. वरच्या कागदावर पट्टी धरून एक खोल रेघ मारायची. रेघेवर बोर्ड मागे वाकवला की जिप्सम सरळ तुटतं. मग मागचा कागद कापायचा. धूळ जवळजवळ नाही.
- कड साफ करणं : हाताची कानस किंवा छोटा रंधा. हे काम शक्यतो बाहेर, ओसरीवर करावं.
- स्विच बोर्डचं चौकोनी भोक : टोकदार हातकरवत. आधी मेन स्विच बंद करा. मागे वायर असू शकते.
- लाइटचं गोल भोक : ड्रिलला लावायचा होल सॉ. तो कमी वेगात चालवायचा.
- बसवलेल्या बोर्डातून तुकडा काढणं : हातकरवत किंवा थरथरत्या पात्याचं मल्टिटूल. हे आमच्या प्लास्टरच्या करवतीचंच भावंड.
- पत्र्याचे चॅनल : पत्रा कापायची कात्री. ग्राइंडरच्या ठिणग्यांबरोबर उडालेला लोखंडी कण डोळ्यात रुततो. असे डोळे मी अनेकदा पाहिले आहेत.

पातं नेहमी धारदार हवं. बोथट पात्याला जोर द्यावा लागतो आणि जोर दिला की ते घसरतं. कटरचं टोक बोथट झालं की मोडून टाका आणि मोडलेला तुकडा डबीत ठेवा, जमिनीवर टाकू नका.

माझ्या दवाखान्यातलं पार्टिशन

दोन वर्षांपूर्वी मी दवाखान्यात तपासणीच्या खोलीसाठी पार्टिशन करून घेतलं. वाईहून दोघे आले होते, एक पन्नाशीचे मामा आणि त्यांचा भाचा. भाच्याने चॅनल कापायला ग्राइंडर काढला आणि त्याच हाताने बोर्डही कापायला घेतला. मी थांबवलं.

तो म्हणाला, "डॉक्टर, ह्यानं पाच मिनटात होतंय की."

मामा काही बोलले नाहीत. त्यांनी बोर्ड भिंतीला टेकवला, पट्टी धरली, कटरने एक रेघ ओढली आणि बोर्ड वाकवला. कट्! मागचा कागद कापला आणि तुकडा बाजूला ठेवला. मिनिटभरसुद्धा लागलं नाही. भाच्याच्या ग्राइंडरची वायर अजून प्लगपर्यंत पोचली नव्हती.

मी मामांना विचारलं, "मग ही पोरं ग्राइंडर का वापरतात?"

"चॅनलसाठी तो हातात असतोच ओ. हत्यार बदलायचा कंटाळा. आणि आवाज झाला की मालकाला वाटतं, काम जोरात चाललंय."

हे शेवटचं वाक्य माझ्या मनात राहिलं. सरळ कापासाठी ग्राइंडर वेळही वाचवत नाही. तो हाताशी असतो, एवढंच.

खोकला सुट्टीत जातो का?

माझा एक रुग्ण तिशीतला आहे. जावळी तालुक्यातला, दहा-बारा वर्षं फॉल्स सीलिंगचं काम करणारा. खोकला, रात्री छातीत घरघर. दोन-तीन ठिकाणी औषधं झाली होती. बोलता बोलता तो म्हणाला, "गणपतीला आठ दिवस गावी गेलो की खोकला निम्मा होतो. कामावर आलो की परत सुरू."

डॉक्टरांसाठी हा फार मोठा धागा असतो. सुट्टीत कमी आणि कामावर जास्त होणारा खोकला किंवा दम हा कामाच्या धुळीचा असू शकतो. त्याची फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी केली, एक्स-रे काढला, थुंकी तपासली. क्षय नव्हता, पण श्वासनळ्या आकसलेल्या होत्या. इन्हेलर सुरू केला. पण नुसत्या औषधाने हे भागत नाही. त्याने बोर्डासाठी कटर वापरायला सुरुवात केली, पुट्टी घासताना मास्क लावू लागला, आणि मग औषधाचा उपयोग दिसू लागला. तो आजही तेच काम करतो. घर त्याच्यावर चालतं, काम सोड असं त्याला कोण सांगणार?

बोर्ड जिप्समचा नसेल तर?

हे आधी विचारून घ्या, कारण सगळे बोर्ड सारखे नसतात.

*फायबर सिमेंट बोर्ड :* ओल येणाऱ्या भिंतींसाठी आमच्याकडे हा बराच वापरला जातो. यात सिलिका बरीच जास्त असते. घरात ग्राइंडरने हा बोर्ड कधीही कापू देऊ नका. कठीण धातूच्या टोकाच्या कटरने खोल रेघ मारून तो तोडता येतो. मशीनच लागणार असेल तर घराबाहेर, धूळ ओढणारा व्हॅक्यूम जोडलेलं किंवा पाण्यासह चालण्यासाठीच बनवलेलं मशीन हवं. साध्या ग्राइंडरवर पाणी ओतू नका, शॉक बसेल.

*जुने सिमेंटचे पत्रे :* यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. त्याच्या तंतूंमुळे होणारे कर्करोग २० ते ४० वर्षांनीही डोकं वर काढतात. असे पत्रे कापू नका, घासू नका, फोडू नका. काढायचेच असतील तर ओले करून, अख्खे उतरवून घ्या.

सगळ्यात जास्त धूळ कापताना नाही, घासताना

सांध्यांवरची पुट्टी वाळली की पॉलिश पेपरने घासतात. अमेरिकेतल्या 'नायॉश' या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेने हे काम मोजलं, तेव्हा काही कामगारांभोवतीची धूळ तिथल्या कायदेशीर मर्यादेच्या दहापट आढळली. व्हॅक्यूम जोडलेलं घासणीयंत्र वापरलं तर धूळ ८० ते ९७ टक्के कमी झाली. ते यंत्र नसेल तर ओल्या स्पंजाने घासता येतं. पुट्टी पातळ आणि सफाईने लावली तर घासावंच कमी लागतं.

तोंडाला बांधलेला रुमाल बारीक धूळ अडवत नाही. एन-९५ किंवा एफएफपी-२ मास्क हवा, तोही चेहऱ्याला चिकटून बसणारा. दाट दाढी असेल तर कडेने हवा आत येते. काम झाल्यावर कोरडा झाडू मारू नका आणि पंखा लावू नका. ओल्या फडक्याने पुसून घ्या.

कटरने हाताला लागलं तर

स्वच्छ कापडाने सलग दहा मिनिटं दाबून धरा आणि हात वर ठेवा. मधेच उघडून बघू नका. हळद किंवा चहापावडर भरू नका. रक्त थांबल्यावर दोन गोष्टी पाहा : बोट पूर्ण वाकतं आणि सरळ होतं का, आणि टोकाला स्पर्श कळतो का? यातलं एकही होत नसेल तर जखम छोटी दिसली तरी त्याच दिवशी सर्जनकडे जा. स्नायूची दोरी किंवा नस कापलेली असू शकते. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं, हेही डॉक्टरांना सांगा.

काम देण्याआधी एवढं ठरवा

हे काम बहुतेक वेळा चौरस फुटाच्या दराने दिलं जातं. कारागिराला घाई असते, त्यात त्याचा दोष नाही. दर ठरवताना तुम्हीच सांगा : बोर्ड कटरने कापायचा, पुट्टी ओली घासायची, मास्क मी देतो. मास्कचा खर्च एकूण कामाच्या मानाने काहीच नाही. घरात दम्याचा रुग्ण, पूर्वी क्षय झालेलं माणूस, गरोदर बाई, लहान मूल किंवा वृद्ध असतील तर घासण्याच्या दिवसांत त्यांची सोय दुसरीकडे करा. इन्हेलर हाताशी ठेवा.

आणि कारागीर मित्रांनो, तुमच्यासाठी दोन गोष्टी. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते, ती करून घ्या. आणि कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तर आपण होऊन सांगा, "मी बोर्डाचं काम करतो." निदानाची अर्धी वाट त्या एका वाक्याने सरते.

कटर कमी आवाज करतो, म्हणून काम हळू चाललंय असं समजू नका. काळजी घ्या.