पिकअपचे टायर

पावसाच्या तोंडावर पॅरिशच्या पिकअपला टायर घ्यायला फादरांनी मला औरादहून बीदरला धाडले. दुकानदाराने खास चिखलाचे, मोठ्या गाठींचे टायर पुढे केले. दिसायला काय रुबाब! पण आपली गाडी बहुतेक दिवस डांबरावरच धावते. तिथे असले टायर घुमतात, लवकर झिजतात, डिझेलही जास्त लागते. साध्या नक्षीचे घ्यावेत, तर आपली काळी माती ओली झाली की फुगते, खाचांत लिंपून बसते आणि चाक जागीच फिरते. म्हणून मधले, ऑल-टेरेन घेतले. खाचा रुंद, त्यामुळे चाक फिरताना चिखल बाहेर फेकला जातो. बाजूवरचा भाराचा अंकही पाहून घ्यावा: ११२ म्हणजे एका टायरला १,१२० किलो.

पैसे दानपेटीतले, म्हणून घासाघीस केली. तरी साध्यापेक्षा महागच पडले. पण वाडीवरच्या आजींना चालवत नाही. मागच्या पावसाळ्यात गाडी ओढ्याअलीकडेच अडायची आणि पोरं त्यांना खुर्चीसकट उचलून आणायची. रिकामी पिकअप मागून घसरते, म्हणून ड्रायव्हरने हौद्यात वाळूची दोन पोती टाकली आहेत. रविवारी मिस्साच्या तासभर आधी निघतो आहोत.